धोपाटण्याची बॅट

आमचं माहेर कसब्यातलं, दोन खोल्या आणि एक मोरी, वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे रंगपेटी घरात होती आणि हात मला होता, दादाला नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आता ते सगळे गेले, आम्ही दोघंच उरलो.

काय सांगू तुम्हाला, तेव्हा लिमलेटच्या गोळ्यांच्या पुडीत क्रिकेटपटूचं एक कार्ड निघायचं, त्या कार्डापायी पोरं पुड्यांवर पुड्या घ्यायची, आणि ती चित्रं मी काढायचे, अकरावीत होते. मुलीनं छापखान्यात कशाला जायचं, म्हणून दादा घेऊन जायचा आणि खाली सही त्याची. म्हणाला, कमू, आत्ता राहू दे, कोणी विचारलं की तुझंच नाव सांगेन. मी म्हटलं बरं, सख्खा भाऊ, का नाही म्हणायचं?

आता मी क्रिकेट कधी बघितलेलं नव्हतं हो. चेहरा पेपरातल्या फोटोवरून घ्यायचे, पण फोटो छातीपर्यंतच, मग दादाला मोरीपाशी उभा करायचे, हातात कपडे बडवायचं धोपाटणं देऊन. त्यामुळे झालं काय, माझ्या सगळ्या खेळाडूंच्या बॅटी आखूड, दांडा जाड, हुबेहूब धोपाटणं. गोळ्यावाल्यांना त्याचं काही नव्हतं, गोळ्या खपत होत्या.

गेल्या महिन्यात त्या कार्डांचं प्रदर्शन भरलं. आता त्याला जाहिरात नाही म्हणत, कला म्हणतात. दादा स्टेजवर, मी पहिल्या रांगेत, आणि प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी नेमकं विचारलं, सर, ही बॅट अशी वेगळीच का? मी म्हटलं आता सांगेल, साठ वर्षं थांबले होते. दादानं माझ्याकडे बघितलं, बघितलं बरं का, आणि म्हणाला, ती माझी शैली.

टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, हात आपोआप जातात. घरी येऊन रडले. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते, ह्याला काय म्हणू?

परवा दादा आला. त्या बाईंना तसंच एक नवं चित्र हवंय म्हणे. कमू, एवढं एकच दे काढून, नाहीतर माझं हसं होईल. वॉशिंग मशीन आलं तरी ते धोपाटणं मी टाकलेलं नाही, ते आणून समोर ठेवलं, शेजारी कागद, पेन्सिल. म्हटलं, काढ की, शैली तुझी आहे.

चहा दिला तो प्यायला, आणि गेला. देव त्याला शंभर वर्षं देवो, मी वाईट चिंतत नाही. कागद अजून तिथेच आहे, टेबलावर, कोरा. बघा की.