भाभींच्या दारात घागर मोर्चा

आमच्या शमीमभाभींचं काय सांगू तुमाला! पाण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घागर मोर्चे काढले, म्हणून आमीच त्यांना सांगलीत नगरसेविका केलं. तरी नळ कोरडाच. मग काय, गेलो की आमी बायका रिकाम्या घागरी घिऊन त्यांच्याच दारात!

भाभी बाहेर आल्या. घागरी बघून म्हणल्या, "निवेदन कुठाय?"

मी म्हणलं, "आवं भाभी, ते दरवेळी तुमीच लिवत होता."

"व्हय की!" म्हणत त्या उंबऱ्यावर बसल्या आन् स्वतःच्याच विरोधात निवेदन लिवाय लागल्या.

मी डोकावून बघितलं. "भाभी, ‘निष्क्रिय नगरसेविका’ लय कडक होतंय."

"गप गं! मऊ लिवलं तर आमी नगरसेवक वाचतबी न्हाई."