एका बाजूला अठरा मिनिटं, बस्स!

...पण ऐकतंय कोण माझं! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी रेकॉर्डी कापतोय, कोऱ्या तबकडीवर सुईनं खाच पाडायची हाच माझा धंदा, आणि मला अक्कल शिकवतंय कोण? मेहुणा! बॅगांचं दुकान आहे त्याचं! सासरेबुवांना पंच्याहत्तर पूर्ण होणार, म्हणून त्यांच्या गाण्याची रेकॉर्ड काढायची. इथवर ठीक. तर पठ्ठ्या चौतीस मिनिटांचं गाणं घेऊन आला आणि म्हणतो, "दाजी, हे सगळं एका बाजूला घ्या, दुसऱ्या बाजूला माझं मनोगत आहे."

मनोगत!

म्हटलं, बाबा रे, एका बाजूला अठरा मिनिटं, बस्स! तर हसतो वर. "चेपून बसवा हो! बॅगेवर बसलं की चेन लागतेच!" आता याला काय सांगायचं, की सासरेबुवांची सगळी मिजास त्यांच्या खर्जावर, आणि खर्ज लागला की सुई झुलते, तिला ऐसपैस जागा लागते! मिनिटं कोंबली की खाचा खेटून बसतात, मग आवाज बारीक करा, खर्ज छाटा... म्हणजे गाण्यातून सासरेच वजा!

बरं, सासरेबुवा कुणाच्या बाजूनं? लेकाच्या! लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण मला हाक काय, तर "अहो, तबकड्या खरवडणारे!" तेव्हाच ठरवलं, आज या घरात एक तर माझी इज्जत राहील, नाहीतर मनोगत. दोन्ही रेकॉर्डी कापल्या, एक मेहुण्याची, एक माझी, आणि सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

आधी मेहुण्याची लावली. सर्रर्र... आणि त्यातून कुणीतरी शेजारच्या घरात दार लावून गातंय! सासरेबुवा म्हणाले, "कोण हा?"

"तुम्हीच!"

"मग माझा खर्ज कुठाय?"

मेहुणा म्हणतो, "दाजी, आवाज वाढवा ना!" म्हटलं, वाढव की तूच! वाढवला... तर सर्रर्र वाढलं! आणि शेवटाकडे, जिथे खाचेची वेटोळी आत आत लहान होत जातात ना, तिथे तर सासरेबुवा कवळी काढून गातायत असं वाटायला लागलं. म्हातारा लालबुंद! म्हटलं, मी घसा फोडून सांगत होतो, एका बाजूला अठरा मिनिटं, बस्स!

मग माझी लावली. गाणं अर्धं इकडे, अर्धं तिकडे, सतरा-सतरा मिनिटं. आणि खर्ज लागला... अहो, कपाटातले कप किणकिणले! सासूबाई आतून धावत आल्या, "अहो, हाक मारलीत का?" सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी! खरं सांगतो, माझ्याही! उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "वा, जावईबापू!" मेहुण्यानं हळूच विचारलं, "आणि माझं मनोगत?" तर म्हणाले, "बॅगेत भर!"

जिंकलो! छाती अशी फुगली म्हणून सांगू, शर्टाचं बटण तुटायचं बाकी!

आता दर रविवारी सासरेबुवांकडे मानानं बोलावणं येतं. रेकॉर्ड लागते, ते डोळे मिटून खुर्चीत, मेहुणा सोफ्यावर आडवा, आणि मी? मी यंत्राशेजारी स्टुलावर! कारण दर सतरा मिनिटांनी त्यांचा एक डोळा उघडतो, आणि त्याच खर्जात हुकूम सुटतो...

"जावईबापू, पलटा!"