व्याह्याच्या दारातली मोटार

नाव आकाराम नाथाजी सपकाळ, वय ४६ वर्षे, धंदा शेती, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शन, राहणार कातळवाडी, धरणाच्या पाण्यापलीकडे, तालुका पाटण.

आज दिनांक ९ नोव्हेंबर १९७४ रोजी कोयनानगर पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की, काल माझी भावजय चंद्राबाई ज्योतिबा सपकाळ, वय ४२, ही नाग चावून मयत झाली. माझा थोरला भाऊ ज्योतिबा याने काल 'मरण आकस्मिक, कोणाबद्दल तक्रार नाही' असे लिहून दिले आहे. ते मला मान्य नाही. माझी तक्रार आहे.

मी इंजिनिअर पलटणीत अठरा वर्षे होतो, पैकी अकरा वर्षे बोटींवर. बोटीच्या मागे लावायची मोटार मी डोळे मिटून उघडतो आणि जोडतो. आमच्या वाडीचा दवाखाना, बाजार सगळे पाण्याच्या अलीकडे. म्हणून भावाने जुनी बोट घ्यायचे ठरवले आणि मोटार पारखायला मला बरोबर नेले.

दिनांक ३ रोजी सकाळी आठ वाजता आम्ही उंब्रजला नानासो यांच्या घरी गेलो. नानासो हे भावाचे व्याही, बोट त्यांचीच. भावाची एकुलती मुलगी भामाबाई त्यांची सून आहे. मोटार अंगणात लाकडी घोड्यावर लावली होती. मी वरून हात लावला तर गरम लागली. आमच्यापुढे दोरीच्या एकाच हिसक्यात सुरू व्हावी म्हणून त्यांनी ती आधीच चालवून ठेवली होती, तीही कोरडी. ही मोटार पाण्याविना चालवली की आतल्या पंपाचा रबरी पंखा जळतो. मग ती सुरू होते, पण गार राहत नाही आणि थोड्या वेळाने अडकते. मी म्हणालो, पाण्याचे पिंप आणा, पाच मिनिटे पाण्यात चालवून बघू.

त्यावर नानासो मोठ्याने म्हणाले, "आवं हवालदार, पोरगी दिलीसा तवा आमाला बी पिंपात घालून बघितलं हुतंसा का?" अंगणातले सगळे हसले. माझा भाऊही हसला. मग त्याने मला गोठ्यामागे नेले. म्हणाला, "गप रं. पोरगी आत भाकऱ्या थापतीया. आपुन जाऊ निघून, तिला रोज ऐकावं लागंल." मी पाना पिशवीत टाकला. नारळ फोडला, चहा झाला, बोट ट्रकवर चढली.

धरणाच्या काठावरून बोट मी मागच्या वाऱ्यावर वल्ह्यानेच पलीकडे नेली, मोटार चालवली नाही. घरी आल्यावर मोटार उघडतो असे मी दोनदा म्हणालो. भाऊ म्हणाला, "भाऊबीजेला व्याही येणार हायत. त्यांच्या म्होरं इस्कटलेली मोटार दिसाय नगं." सणापर्यंत कळ काढ, असे म्हणाला. मी काढली. याची मला लाज वाटते, हे लिहावे.

काल सकाळी अकरा वाजता भात कापताना वहिनीच्या उजव्या पायाला नाग चावला. वर फडके बांधून अकरा वीसला तिला बोटीत घातले. बोटीत आम्ही तिघेच. पाणी ओलांडायला चाळीस मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांत जळका वास आला आणि मोटार अडकली. वल्हे एकच, वारा समोरून. वहिनी म्हणाली, "का थांबलं?" भाऊ म्हणाला, "तेल संपलं." तेलाचा निम्मा भरलेला डबा माझ्या पायाशी होता. बायको मरणाच्या दारात आणि हा गडी व्याह्याची अब्रू झाकत होता! मी वल्हे मारत राहिलो. पुढे तिची जीभ जड झाली. काठाला लागलो तेव्हा तीन वाजले होते. डॉक्टरांनी तिला तपासले आणि चादर ओढली.

संध्याकाळी मी काठावरच मोटार उघडली. पंपाचा पंखा जळून गोळा झालेला मिळाला. तो फडक्यात बांधून हजर करीत आहे.

विचारल्यावरून सांगतो की, होय, मला त्या अंगणातच कळले होते. पलटणीत एखाद्या जवानाने अशी मोटार पाण्यात घातली असती तर मी त्याची कातडी सोलली असती. व्याह्याच्या दारात मात्र मी भिडेला मेलो. म्हणून नानासोंच्या नावाखाली माझे नाव लिहावे आणि त्याखाली भावाचे.

आज सकाळच्या एस.टी.ने भामाबाई आली. ठाण्याच्या पायरीवर भाऊ तिला म्हणाला, "तुझ्यासाठनंच गप बसलो गं." ती रडली नाही. मला म्हणाली, "तात्या, मोटार उघडली असती तर मला चार दिस बोलणी बसली असती. ती मी खाल्ली असती. आय तरी जित्ती असती. मला कुनी इचारलं?" भाऊ उठून फाटकाबाहेर गेला. मला त्याची कीव आली नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. वाचताना भामाबाई शेजारी उभी होती. सासऱ्याचे नाव आले तेव्हा जमादारसाहेबांनी थांबून तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "व्हय. ऱ्हाऊ द्या."

सही: आ. ना. सपकाळ