प्लगवरचा शेंदूर

जबाब, तारीख १८ ऑक्टोबर १९५६, पोलीस ठाणे, लष्कर, ग्वाल्हेर.

माझे नाव विश्वासराव महिपतराव इंगळे, वय ४७ वर्षे, धंदा सरकारी मोटार कारखान्यात विजेचा मिस्त्री, राहणार शिंदे की छावनी, लष्कर. माझी मातृभाषा मराठी आहे. ठाणेदारसाहेब म्हणाले, "मराठी में ही लिख लो मुकुंदराव, तर्जुमा बाद में होगा." म्हणून हेड कॉन्स्टेबल मुकुंदराव यांनी लिहून घेतले. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे :

मयत ट्रकचालक तुकोजी कृष्णराव सुर्वे, वय ४१, हा माझा मेहुणा. माझी धाकटी बहीण सौ. लीला त्याला दिली आहे. मी सवयीने सौ. म्हणालो व मुकुंदरावांनी तसेच लिहिले. ते खोडून श्रीमती वाचावे.

तुकोजी आणि मी संस्थानच्या फौजेत एकाच मोटार पलटणीत होतो. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झाले, फौज मोडली, आणि आम्ही दोघे कारखान्यात लागलो. सोयरीक मीच जुळवली. कारखान्यात मी त्याला तुकोजी म्हणून एकेरीत बोलवत असे आणि घरी दाजी म्हणून मान देत असे. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

अपघात झालेल्या ट्रेलरबद्दल विचारले. तो लढाईनंतर लिलावात घेतलेला अमेरिकन माल आहे. त्याचा ब्रेक विजेचा आहे. चाकाच्या ड्रममध्ये लोहचुंबक असतो. चालकाने आपल्या जागेवरचा दांडा ओढला की ट्रकच्या बॅटरीतून वीज मागे जाते, चुंबक ड्रमला चिकटतो आणि चाक थांबते. ट्रक आणि ट्रेलर यांच्यामध्ये हातभर केबल आहे व तिच्या टोकाला दोन पिनांचा प्लग आहे. एका पिनेने वीज जाते, दुसरीने परत येते. हा ब्रेक ग्वाल्हेरात माझ्याशिवाय कोणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती व ती मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

येत्या १ नोव्हेंबरला मध्यभारत जाऊन नवे राज्य होणार, म्हणून महिनाभर लष्कर भागातल्या कचेऱ्यांची दफ्तरे भोपाळला चालली आहेत. आमच्या ट्रेलरवर जुनी मोडी बाडे होती. तिकडे ती कोण वाचणार ते देव जाणे, पण पोचली पाहिजेत असा हुकूम होता. सोमवारी १५ तारखेला सकाळी निघायचे ठरले.

शनिवारी १३ तारखेला खंडेनवमी होती. आमच्या घराण्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. वडील तलवारीची करीत. माझी हत्यारे पाना, पकड आणि गाड्या, म्हणून मी कारखान्यात करतो. त्या दिवशी दुपारी मी ट्रेलरचा ब्रेक तपासला. दोन्ही चाके उत्तम धरत होती. मग हत्यारे धुतली, गाड्या धुतल्या. पाच वाजता लीला ताट घेऊन आली. शेंदूर कालवायला घरून तिळाचे तेल आणायचे मी विसरलो. पेंटर गाड्यांवरचे "म. भा." पुसून "म. प्र." लिहीत होता, त्याच्याजवळ जवसाचे तेल होते. तेल ते तेल, असे म्हणून मी त्यात शेंदूर कालवला. पेंटर लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावतात तो लाल रंग शेंदूर आणि जवसाचे तेल यांचाच असतो. तो वाळला की दगड होतो आणि विजेला वाट देत नाही. हे मला पंचवीस वर्षे माहीत आहे. त्या घटकेला आठवले नाही.

हुकाला लावला, चाकांना लावला. लीला म्हणाली, "दादा, हे राहिलं की. ब्रेक ह्याच्यानंच लागतो ना?" ती प्लग दाखवत होती. मी म्हटले, "शाबास, मिस्त्रीची बहीण शोभतेस." आणि दोन्ही पिनांना चांगला बोटभर शेंदूर लावला, वर झेंडूचे फूल बांधले. तुकोजी हसत म्हणाला, "अब तो ये गाडी हुकूम पण मराठीतच ऐकेल." लीलाने त्याला ओवाळले. पूजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत आम्ही हात लावत नाही. प्लग दोन दिवस तसाच वाळत राहिला.

सोमवारी सात वाजता मी फूल सोडून प्लग ट्रकला जोडला. तो घट्ट बसला. घट्ट बसला म्हणजे चांगला, असे मला वाटले. तुकोजीने आवारात एक फेरी मारली आणि उतरून म्हणाला, "दादा, मागची गाडी पकडत नाही. पाठीत धक्का देते."

मी दीड तास तपासणी केली. तपशील लिहून घ्यावा. बॅटरी भरलेली होती. एका घरात पाणी कमी होते, ते घातले. चालकाजवळचा दांडा उघडून त्याची टोके पॉलिश पेपरने घासली. ट्रकच्या बाजूला, प्लग जेथे बसतो त्या डबीच्या मागच्या स्क्रूंना दिवा लावला, तो लख्ख पेटला. मग ट्रेलर जॅकवर उचलला, दुसऱ्या बॅटरीच्या वायरी थेट ट्रेलरच्या जोडपेटीला लावल्या. फिरते चाक ठक्‌कन थांबले, दुसरेही थांबले. उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणून चासीखाली पाठीवर झोपून पूर्ण वायर हाताने चाचपली. अशा रीतीने पुढचे सर्व तपासले, मागचे सर्व तपासले, आणि मधला प्लग तेवढा सोडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी. प्लग उपसून का पाहिला नाही असे विचारले. पूजा झालेल्या वस्तूत दोष असेल हे मनाला शिवले नाही. दुसरे कारण नाही.

तोवर साडेआठ झाले होते. कारखान्याच्या साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला. तुकोजीने आणखी एक फेरी मारली व म्हणाला, "अजून तसंच वाटतंय." मी चिडलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझे कान म्हातारे झाले तुकोजी. मशीन मी पाहिली की तू?" तो म्हणाला, "तुम्ही पाहिली ना? मग झालं." घरी असतो तर मी त्याला दाजी म्हटले असते आणि त्याचे ऐकून घेतले असते. नऊ वाजता गाडी निघाली.

पुढचे मला जखमी दफ्तरी गोविंदराव यांनी इस्पितळात सांगितले. ते तुकोजीच्या शेजारी बसले होते. दुपारी एकच्या सुमारास शिवपुरीच्या अलीकडच्या घाटात उतार लागला. तुकोजीने दांडा पूर्ण ओढला, ट्रकचा ब्रेक दाबला, पण मागचे ओझे ट्रकला ढकलत सुटले. तो म्हणाला, "गोविंदराव, उडी मारा. मागची गाडी ऐकत नाही." गोविंदरावांनी उडी मारली. तुकोजीने मारली नाही. समोरून बैलगाड्या चढत होत्या. त्याने ट्रक नाल्याच्या बाजूला घातला. बैलगाड्यांना खरचटलेही नाही.

मंगळवारी पोलिसांबरोबर मी जागेवर गेलो. बाडे नाल्यात विखुरली होती. प्लग उपटून बाहेर आला होता. पिना लाल होत्या, नखाने ओरखडा उठेना. प्लगमधून दिव्याला वीज दिली, दिवा पेटला नाही. मग चाकूने पिना खरवडल्या आणि पुन्हा दिली, दिवा पेटला. उलथ्या ट्रेलरचे चाक जमादाराने हाताने फिरवले, मी त्याच प्लगमधून वीज दिली. चाक जागच्या जागी थांबले. ब्रेक उत्तम होता. मी तेथे खाली बसलो व जमादाराने मला उठवले.

पंचनाम्यात चालक दारू प्यालेला असावा असे लिहिले आहे, कारण केबिनमध्ये ब्रँडीची बाटली सापडली. ठाणेदारसाहेब मला म्हणाले, "दशहरे का दूसरा दिन था, पी ली होगी. तुम क्यों अपने गले में फंदा डालते हो?" त्या बाटलीत बॅटरीचे पाणी आहे. ती मी सोमवारी सकाळी स्वतः भरून दिली. वास घेऊन पाहावा. तुकोजी शुद्धीत होता. ब्रेक लागत नाही हे त्याने दोनदा सांगितले आणि दुसऱ्यांदा मी ते खोडून काढले. चालकाच्या हयगयीचे वाक्य रद्द करून तेथे माझे नाव घालावे, एवढ्यासाठी मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. नोकरी जाईल, शिक्षा होईल, हे मला समजावून सांगितले व ते मला समजले.

बहिणीला काही ठाऊक आहे काय, असे विचारले. नाही. तेल मी कालवले, शेंदूर मी लावला. तिने फक्त दाखवले, आणि तिळाचे तेल असते तर शेंदूर वाळला नसता, प्लग बसताना पुसला गेला असता. तिच्या तोंडचे वाक्य मी वर खरे तेच सांगितले आहे, कारण जबाबात खोटे नको. परंतु पुढे चौकशीत हा जबाब तिच्यासमोर वाचला, तर ते वाक्य मनातल्या मनात वाचावे ही विनंती. मुकुंदराव म्हणाले की असा कायदा नाही. तरी विनंती लिहून घ्यावी.

काल रात्री तिने मला एकच विचारले, "दादा, पूजेत काही राहिलं तर नव्हतं ना?" मी सांगितले, "नाही बाई. काहीच राहिलं नव्हतं."

वरील मजकूर मुकुंदरावांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त शेवटचे, मी बहिणीला दिलेले उत्तर, हे तिच्यासाठी होते.

सही : वि. म. इंगळे
समक्ष : मुकुंदराव, हेड कॉन्स्टेबल