टूथपेस्ट आणि जयाबेन

हसू नका, पण मी एकदा स्क्रूची भोकं बुजवायला टूथपेस्ट वापरलीय. बेव्हर्ली पार्कच्या घरात बाल्कनीला बाहेरून पांढऱ्या पीव्हीसी पट्ट्या स्क्रूने बसवल्या होत्या, आणि स्क्रूच्या डोक्यांवर भोकं उघडीच राहिली होती. पट्ट्या विकणारा केबिन रोडचा दुकानदार पीव्हीसीचं बुटुकलं बूच दाखवत म्हणाला, "साहब, छेद में इसी का प्लग ठोको." म्हटलं, कशाला? भाड्याची घरं सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं आपण टूथपेस्टनेच बुजवली, एकाही मालकाला कळलं नाही! घरात मुलीची गोड पेस्ट होती, तीच भरली.

सकाळी बघतो तर प्रत्येक भोकाशी मुंग्यांची ही रांग. मी स्प्रे उचलला, तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून जयाबेन ओरडल्या, "भाई, मारना मत! जीव है!" आणि त्यांनी आपल्या कठड्यावर मुंग्यांसाठी साखर-पीठ टाकलं.

दोन दिवसांत मुंग्या तिकडे गेल्या. मी मुकाट्याने उरलेली पेस्ट खरवडून काढली, प्लग आणले, हातोडी उचलली. जयाबेन पुन्हा हजर.

"भाई, अंदर कोई रह तो नहीं गया?"

काय सांगू! बायको दारात उभी राहून हसतेय, आणि मी, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, प्रत्येक भोकावर आधी टकटक करतोय, थोडा थांबतोय, मग प्लग ठोकतोय.