आतली कडी

न्हाई न्हाई, बसा की मॅडम — कॉलेजातून एवढ्या लांब आल्या, चहा तर घ्या. शिल्पा झोपलीय. झोपलीय म्हंजे, पडून हाय. दोन महिने झाले, पडूनच हाय. मायबाप तिकडं गावाकडं, भरोशानं आमच्याकडं नांदेडला ठेवलेली — मी सख्खी चुलती, मी वाईट चिंतीन का? पण खरं सांगा, त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागच्या रस्त्यानं एकटीनं यायचं काय नडलं व्हतं? ड्रेस कसला घातला व्हता, ते तर मी सांगतच न्हाई. ज्यानं धरलं तिला, त्याचं तोंड बांधलेलं व्हतं म्हणे, वळखला न्हाई. मग पोलिसात जाऊन सांगायचं काय — आन् इज्जत कुणाची जाणार? आमचीच. कपडे मी त्याच दिशी धुऊन टाकले, गरम पाण्यात, दोनदा.

तुम्ही भेटून काय करणार? उगं खपली काढताल. आम्ही सांभाळून राहिलोय की तिला. सारखी आतून कडी लावून बसायची — जेवण न्हाई, बोलणं न्हाई — तवा कडीच काढून टाकली. निवृत्ती भावजींनी, स्वतः पाना-पेचकस घेऊन आले. ह्यांचे चुलतभाऊ. लई जीव हाय त्यांचा पोरीवर. रोज दुपारी येतात, तासभर जवळ बसून समजावतात. ते गेले की ही अंघोळीला जाती — सकाळी केलेली आसली तरी. डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय? मंगळवारी माहूरला नेतो म्हणले, देवीच्या पायावर घालून आणतो. मी येते म्हणलं, तर न्हाई म्हणले, आम्ही दोघंच जातो. एवढं कोण करतं हो? त्या दिशी घरी आणलं ते बी त्यांनीच, मोटारसायकलवर बसवून. आम्हाला तर पत्ताच न्हाई, हिचा फोन बंद — आन् हे नीट जिनिंगमागं गेले आन्...

असं काय बघून राहिल्या, मॅडम? कुणी तरी सांगितलं आसल की त्यांना. रस्त्यानं माणसं आसतात. आसतातच. न्हाई, तिकडं कुणी फिरकत न्हाई हे खरं, पण — आसल कुणी तरी. मी कशाला इचारू? घरातल्या माणसाला असं इचारतात का?

राहू द्या तो चहा. गाडी आली त्यांची. उठा, उठा लवकर — मागच्या दारानं जा, तुम्ही आल्याचं कळू नये त्यांना. तिकडं न्हाई, ती तिची खोली हाय. हात सोडा माझा. मला भाजीला जायचंय — ते आले की मी बाहेर पडते, त्यांनीच सांगितलंय तसं.