शेवटच्या पानावरची ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, डिव्हिजनचे कमांडर कॉम्रेड छू, व्यासपीठावरील मान्यवर, मागच्या रांगेतले दोन पाहुणे, ज्यांची ओळख अजून कुणी करून दिलेली नाही, माझे जवान मित्र, आणि आज निवृत्त होणारे आपल्या पलटणीचे राजकीय अधिकारी, कॉम्रेड शाओ दिंगबांग,

तुमचं नाव शेवटी घेतलं, राग मानू नका. नावांचा क्रम वरूनच ठरून आला.

कॉम्रेड शाओंचं मोठेपण मी काय सांगावं? एकतीस वर्षं बंदुका कमांडरांनी सांभाळल्या, माणसांची मनं यांनी! कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न मोडलं, सगळं यांना ठाऊक. कसं? मनमोकळ्या गप्पांतून. एकेकाला खोलीत बोलवायचे, स्वतः चहा ओतायचे, सूर्यफुलाच्या बिया पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "बोल रे पोरा, इथं मीच तुझा बाप." कोण नाही बोलणार?

माझ्या शेजारच्या खाटेवरचा पांग छांगशुनही बोलला. गव्हाची कापणी आलीय, आई एकटी आहे, पळून जावंसं वाटतं म्हणाला. परत आला तो उड्या मारत. "अरे तान, उगाच घाबरत होतो! माणूस नाही, माउली आहे. बघ, खिसा भरून बिया दिल्या." त्या बिया आम्ही दोघांनी मिळून संपवल्या.

महिन्याभरात त्याला घरी पाठवलं. आपल्याकडे माणसाच्या आधी त्याची फाइल पोहोचते, आणि त्याला स्वतःला ती कधी दिसत नाही. गिरणीनं घेतलं नाही, खाणीनं घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी पांगचं प्रेत पिवळ्या नदीत सापडलं. वय चोवीस. मला अजून त्याची आठवण आली की संताप होतो.

पुढे फायलींची खोली माझ्या ताब्यात आली. पांगच्या शेवटच्या पानावर कॉम्रेड शाओंच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: 'मन स्थिर नाही. विश्वास ठेवू नये.'

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आवरतोच.

आता यांच्या जागी मी. म्हणजे निवृत्त होणाऱ्याशी मनमोकळं बोलणं आणि त्याचं शेवटचं पान भरणं, हे माझं काम. यांना लानझोउ शहरात मुलीशेजारी घर मिळणार की नाही, ते त्या पानावरच ठरतं. मंगळवारी मी कॉम्रेड शाओंना बोलावलं. चहा ओतला. बिया पुढे सरकवल्या. वाटलं, हसतील, म्हणतील, "अरे, मलाच शिकवतोस?"

पण कॉम्रेड, तुम्ही बोललात! वहिनी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही म्हणालात. "तान, खरं सांगू? पोरांना जे शिकवलं, ते आता माझं मलाच पटत नाही रे." तुम्ही रडलात. मी पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात खोटा नव्हता. मग तुम्ही गेलात आणि मी पेन उघडलं.

ओळ मला सुचेना. तुमचीच उतरवली.

बसा, कॉम्रेड शाओ, उठू नका. छातीवर लाल कागदी फूल लावायचं राहिलंय. पाहुणे थांबतील, त्यांची गाडी दाराशीच आहे.

डंपलिंग करणाऱ्या मुदपाकखान्याचे, आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल, तर उदार मनानं क्षमा करा. लिहिण्यात काही राहिलेलं नाही.